उंदीर सोंग करत नाही : ओरेक्सिन जनुक आणि दिवसा येणारी झोप

वर्गात बाकावर डोके टेकवून झोपणारी मुलगी, कामावर बसल्या जागी डुलक्या घेणारा माणूस, हसता हसता गुडघे वाकून खाली बसणारा तरुण, अशांसाठी आपल्याकडे ठरलेली नावे आहेत : आळशी, झोपाळू, कामचुकार, सोंगाड्या. कुणी म्हणते, रात्रभर मोबाइल बघत असेल. कुणी म्हणते, पिऊन आला असेल. आणि कुणी हळू आवाजात म्हणते, बाहेरचे काहीतरी दिसते. एप्रिल महिन्यात विहारात अठरा तास अभ्यासाचा उपक्रम असतो. त्यात पहिल्या तासालाच पेंगणाऱ्या मुलाकडे सगळे कसे बघतात, हे आपण जाणतोच.

वाचकहो, या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही प्रयोगशाळेतील एका छोट्या उंदराची माहिती देत आहोत. या उंदराच्या शरीरात वीस हजारांहून जास्त जनुके असतात. त्यांतले फक्त एक जनुक शास्त्रज्ञांनी काढून टाकले आणि तो उंदीर खेळता खेळता मध्येच कोसळू लागला. उंदराला शाळा चुकवायची नसते. कामाचा कंटाळा, दारू, करणी, भूतबाधा यांतले काहीही त्याला लागू होत नाही. म्हणून दिवसा अनावर झोप येणाऱ्या माणसाबद्दल या उंदराने जे शिकवले, ते कोणत्याही भाषणापेक्षा स्पष्ट आहे.

जनुक आणि मेंदूतला निरोप्या

जनुक म्हणजे पेशीला मिळालेली लेखी सूचना. कोणते प्रथिन कसे बनवायचे, हे त्यात लिहिलेले असते. प्रथिन ही मण्यांच्या माळेसारखी रचना असते आणि त्यातल्या मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात. काही प्रथिने फार लहान असतात. मेंदूतल्या पेशी अशा लहान माळा बनवतात आणि दुसऱ्या पेशींना निरोप देण्यासाठी वापरतात. त्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. त्यातला एक निरोप्या आपल्या आयाबहिणींच्या ओळखीचा आहे. बाळंतपणात कळा वाढाव्यात म्हणून सलाइनमधून जे ऑक्सिटोसिन देतात, तेच संप्रेरक आपला मेंदूही स्वतः बनवत असतो.

आज आम्ही ज्याबद्दल लिहीत आहोत तो निरोप्या म्हणजे ओरेक्सिन. त्याच्या जनुकावरून आधी सुमारे १३० मण्यांची एक माळ बनते. मग ती कापली जाऊन दोन तुकडे तयार होतात : ३३ मण्यांचे ओरेक्सिन-ए आणि २८ मण्यांचे ओरेक्सिन-बी. उंदराचे ओरेक्सिन-ए आणि माणसाचे ओरेक्सिन-ए तंतोतंत सारखे आहे, एकाही मण्याचा फरक नाही. उंदरावर केलेला हा अभ्यास माणसाच्या कामी का आला, याचे एक कारण यातच आहे.

हे ओरेक्सिन मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागातल्या मोजक्या पेशी बनवतात. उंदराच्या मेंदूत अशा पेशी काही हजारच असतात. माणसाच्या मेंदूत मज्जापेशी सुमारे ८६०० कोटी, आणि त्यांत ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी साधारण ७० हजार. पेशी एवढ्या थोड्या असल्या, तरी त्यांचे धागे मेंदूभर पसरलेले असतात.

भुकेचे जनुक म्हणून शोध, झोपेचे जनुक म्हणून ओळख

१९९८ साली अमेरिकेत दोन वेगवेगळ्या गटांना हा निरोप्या जवळजवळ एकाच वेळी सापडला. कॅलिफोर्नियातल्या गटाने त्याला हायपोक्रेटिन असे नाव दिले. टेक्सासमधल्या डॅलस शहरात जपानी शास्त्रज्ञ मासाशी यानागिसावा आणि ताकेशी साकुराई यांच्या गटाने त्याला ओरेक्सिन म्हटले. ग्रीक भाषेत ओरेक्सिस म्हणजे भूक. हा पदार्थ मोठ्या जातीच्या उंदरांच्या मेंदूत टोचला, तेव्हा ते जास्त खाऊ लागले. उपाशी ठेवलेल्या उंदरांत या जनुकाचे काम वाढलेले दिसले. त्यामुळे हे भुकेचे जनुक असावे, असे या गटाला वाटले.

मग त्यांनी नेहमीची पद्धत वापरली. एखादे जनुक काय करते हे समजून घ्यायचे, तर ते नसलेला उंदीर तयार करायचा आणि त्याच्यात काय बिघडते ते बघायचे. घरातल्या फ्यूजच्या पेटीतला एक फ्यूज काढला, की कोणत्या खोलीतला दिवा गेला हे बघून ती तार कुठे जाते ते कळते. हीही तशीच रीत.

ओरेक्सिनचे जनुक नसलेले उंदीर जन्मले, वाढले, दिवसा तपासले तेव्हा ठीकच दिसले. पण उंदीर हा रात्री जागणारा प्राणी. त्याचे खरे जगणे अंधारात चालते. म्हणून संशोधकांनी अंधारातही चित्रण करणारे इन्फ्रारेड कॅमेरे लावले. चित्रणात दिसले ते चकित करणारे होते. उंदीर पिंजऱ्यात धावत असतो, अंग चाटत असतो, सोबत्याबरोबर खेळत असतो, आणि एकाएकी थांबून आडवा पडतो. थोड्या वेळाने उठतो आणि काही झालेच नाही असा पुन्हा धावू लागतो.

आधी वाटले, ही फिट असावी. पण मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदवल्या, तेव्हा फिटच्या खुणा मिळाल्या नाहीत. उंदीर जागेपणातून थेट स्वप्नांच्या झोपेत जात होते. निरोगी उंदीर किंवा माणूस आधी साध्या झोपेत जातो आणि काही वेळाने स्वप्नांच्या झोपेत. त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो, नाहीतर आपण स्वप्नात धावता धावता खाटेवरून खाली पडलो असतो. या उंदरांत जागेपण आणि स्वप्न यांच्यामधली भिंतच पातळ झाली होती. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी, त्याच महिन्यात दुसरीकडूनही पुरावा आला. स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉबरमन आणि लॅब्राडोर जातीचे काही कुत्रे अनेक वर्षे अभ्यासासाठी पाळलेले होते. आवडीचे खाणे समोर ठेवले, की आनंदाने उड्या मारता मारता त्यांचे पाय लुळे पडत. एमान्युएल मिन्यो यांच्या गटाने दाखवले, की या कुत्र्यांत ओरेक्सिनचा निरोप ऐकणारे प्रथिन बनवणारे जनुक बिघडलेले आहे. उंदरांत निरोप्याच नव्हता. कुत्र्यांत निरोप्या येत होता, पण दार बंद होते. परिणाम दोघांत एकच. या कामासाठी मिन्यो आणि यानागिसावा यांना पुढे २०२३ चा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला.

हे जनुक नेमके काय करते?

जनुक काढल्यावर उंदीर दिवसभर, रात्रभर झोपत असेल, असे कुणालाही वाटेल. तसे झाले नाही. बोस्टनमधल्या संशोधकांनी २००४ साली या उंदरांच्या झोपेचा हिशोब मांडला. चोवीस तासांतली एकूण झोप आणि एकूण जागेपण जवळजवळ निरोगी उंदरांइतकेच निघाले. पण सलगपणा गेला होता. थोडे जागणे, थोडी झोप, पुन्हा जागणे, पुन्हा झोप. सगळ्याचे तुकडे झाले होते.

ओरेक्सिनचे काम दाराच्या कडीसारखे आहे. कडी लावली, की दार जिथे आहे तिथे राहते. कडी नसेल, तर वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीने ते उघडते आणि आपटते. ओरेक्सिन जागेपणाचे दार धरून ठेवते. ते नसेल, तर दिवसा जागेपण टिकत नाही आणि रात्री झोपही टिकत नाही. म्हणून ज्याला दिवसा अनावर झोप येते तोच माणूस रात्री चार वेळा उठतो. घरच्यांना हे ढोंग वाटते. आजाराचे स्वरूपच तसे आहे.

२००७ साली स्टॅनफर्डमध्ये उलट बाजूनेही प्रयोग झाला. उंदरांच्या ओरेक्सिन पेशींत प्रकाशाला प्रतिसाद देणारे प्रथिन बसवले आणि केसासारख्या बारीक धाग्यातून मेंदूत प्रकाश सोडला. झोपलेले उंदीर नेहमीपेक्षा लवकर जागे होऊ लागले.

भुकेचा संबंधही खोटा नव्हता. निरोगी उंदराला उपाशी ठेवले, तर तो जास्त जागतो आणि अन्न शोधत फिरतो. ओरेक्सिन पेशी नसलेला उंदीर उपाशी राहूनही तसा जागत नाही, हे २००३ साली दिसले. रक्तातली साखर वाढली, की या पेशी शांत होतात. रिकाम्या जठरातून येणारे घ्रेलिन हे संप्रेरक त्यांना चेतवते. चरबीतून येणारे लेप्टिन त्यांना शांत करते. उपाशी प्राणी झोपून राहिला तर मरेल, म्हणून निसर्गाने भूक आणि जाग यांची एकाच ठिकाणी गाठ मारली आहे. रिकाम्या पोटी झोप लागत नाही हे आपल्या माणसांना सांगायला नको. त्यामागे मेंदूतल्या या पेशींचाही हात आहे.

आणखी एक गोष्ट. २००१ साली असे उंदीर तयार केले, की ज्यांच्या ओरेक्सिन पेशी जन्मानंतर हळूहळू मरतात. हे उंदीर निरोगी उंदरांपेक्षा कमी खात होते, तरी पुढे लठ्ठ झाले. या आजाराच्या मुलांचे वजनही अनेकदा झपाट्याने वाढते. त्याला खादाड म्हणण्याआधी हे उंदीर आठवावेत.

आणि आनंद. या उंदरांना चॉकलेट दिले किंवा धावायला चाक दिले, की कोसळण्याचे प्रसंग वाढतात. माणसांत असेच मनापासून हसताना होते. भावना उचंबळली, की ओरेक्सिन स्नायूंना धरून ठेवायला मदत करते. ते नसेल, तर हसण्यानेच गुडघे लुळे पडतात.

उंदरापासून माणसापर्यंत

माणसातल्या या आजाराला नार्कोलेप्सी म्हणतात. हे नाव फ्रेंच डॉक्टर जेलिनो यांनी १८८० साली दिले. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षे त्याचे कारण कुणाला ठाऊक नव्हते. कुणी त्याला मनाचा आजार म्हणत, कुणी स्वभावाचा दोष. उंदरांनी वाट दाखवली आणि वर्षभरातच, २००० साली, उत्तर मिळाले. नऊ रुग्णांच्या पाठीच्या कण्यातले पाणी तपासले. सात जणांत ओरेक्सिन सापडलेच नाही. मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तर ओरेक्सिन पेशी ८५ ते ९५ टक्के नष्ट झालेल्या होत्या.

इथे उंदीर आणि माणूस यांत एक फरक आहे, तो नीट समजून घ्यावा. उंदरात जनुकच काढलेले होते. माणसात जनुक बहुतेक वेळा शाबूत असते. त्या जनुकावर काम करणाऱ्या पेशी मरतात. शरीराची रोगप्रतिकारक शक्ती चुकून आपल्याच पेशींवर हल्ला करते, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे हा आजार सहसा आईबापाकडून मुलाला येत नाही. तो संसर्गाने पसरत नाही. त्यामुळे अशा मुलीचे लग्न जमवताना घराण्याला नाव ठेवण्यात काही अर्थ नाही.

युरोप-अमेरिकेतल्या मोजणीप्रमाणे साधारण दोन हजार माणसांत एकाला हा आजार असतो. तो बहुधा दहा ते वीस या वयात सुरू होतो. म्हणजे नेमक्या दहावी-बारावीच्या वर्षांत. निदान व्हायला अनेकदा कित्येक वर्षे जातात. तोवर शाळा सुटलेली असते, नोकरी गेलेली असते, आणि त्या मुलालाही आपण आळशीच आहोत असे वाटू लागलेले असते. खरे नुकसान इथे होते.

ही पाच लक्षणे लक्षात ठेवा

१. रात्री झोप होऊनही रोज दिवसा आवरता न येणारी झोप. जेवताना, बोलताना, लिहितानासुद्धा. तीन महिने किंवा जास्त काळ.

२. हसताना, आनंदात किंवा रागात एकाएकी मान, जबडा किंवा गुडघे लुळे पडणे. माणूस शुद्धीत असतो, त्याला सगळे ऐकू येते, आणि एक-दोन मिनिटांत तो सावरतो. फिटमध्ये बहुधा शुद्ध हरपते, इथे हरपत नाही.

३. झोप लागताना किंवा जाग येताना हातपाय हलवता न येणे, आवाज न फुटणे.

४. त्याच वेळी खोलीत कुणी उभे आहे, छातीवर कुणी बसले आहे असे खरेखुरे दिसणे, भासणे.

५. रात्रीची झोप सारखी मोडणे.

तिसऱ्या आणि चौथ्या लक्षणाबद्दल मुद्दाम सांगतो. मेंदू जागा झालेला असतो, पण स्वप्नांच्या झोपेतला स्नायूंचा सैलपणा अजून गेलेला नसतो, आणि स्वप्नही चालूच असते. छातीवर बसलेले भूत ते हेच. असा अनुभव निरोगी माणसालाही कधीतरी येतो. तेवढ्यावरून घाबरू नये. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधणे, मारणे, धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आधी काय तपासावे?

दिवसा झोप येणाऱ्या बहुतेकांना नार्कोलेप्सी नसते. आपल्या वस्तीत त्याची साधी कारणे भरपूर आहेत. रात्रपाळी, पहाटे नळाला येणारे पाणी, एका खोलीत सहा माणसे, डास, शेजारचा लाउडस्पीकर. अंगात रक्त कमी असणे, थायरॉइड, मधुमेह, घोरताना श्वास अडकणे, दारू, सर्दीच्या किंवा झोपेच्या गोळ्या. म्हणून आधी दोन आठवडे वहीत लिहून ठेवावे : किती वाजता झोपला, किती वाजता उठला, दिवसा कधी झोप आली. हसताना पाय लुळे पडत असतील, तर मोबाइलवर चित्रण करावे. डॉक्टरांना ते फार उपयोगी पडते.

ही वही घेऊन जवळच्या सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात जावे. रक्ताची तपासणी करून घ्यावी. साधे कारण सापडले नाही, तर मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातल्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागावी. तिथे रात्रभर झोपेची तपासणी करतात. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी झोपायला सांगून किती लवकर झोप लागते आणि स्वप्नांची झोप लगेच येते का, हे बघतात. ही सोय सगळीकडे नाही, म्हणून आधी चौकशी करावी.

उपचार काय आहेत?

मेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत. उंदरांच्या मेंदूत ओरेक्सिन सोडले, तेव्हा त्यांचे कोसळणे थांबले, हे २००४ साली दिसले. पण ओरेक्सिनची गोळी गिळून चालत नाही, ती पोटातच पचून जाते. म्हणून ओरेक्सिनचेच दार ठोठावणारी दुसरी औषधे शोधली गेली आणि त्यांच्या चाचण्या माणसांवर झाल्या आहेत. उलट, झोप न येणाऱ्यांसाठी ओरेक्सिनला अडवणाऱ्या गोळीला अमेरिकेत २०१४ साली परवानगी मिळाली. एकाच जनुकाच्या अभ्यासातून दोन्ही प्रकारच्या रुग्णांसाठी वाट निघाली.

आज आपल्याकडे मोडाफिनिलसारखी जाग ठेवणारी औषधे आणि हसताना लुळे पडणे कमी करणारी औषधे मिळतात. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावीत. परीक्षेच्या काळात जागण्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणून निरोगी मुलांना देऊ नयेत. मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, हे भगिनींनी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

औषधाबरोबरच ठरवून घेतलेल्या छोट्या झोपेचाही उपयोग होतो. दुपारी पंधरा-वीस मिनिटे झोपू दिले, तर अशा मुलाचे पुढचे दोन-तीन तास चांगले जातात. शिक्षकांना भेटून हे सांगावे, डॉक्टरांचा कागद दाखवावा. उपचार नीट बसेपर्यंत गाडी चालवणे, परातीवर किंवा शिडीवर चढून काम करणे, एकट्याने विहिरीत-नदीत पोहणे टाळावे. उकळत्या तेलापाशी एकटे उभे राहू देऊ नये.

बांधकामावरचे मुकादम, शाळेतल्या बाई, अंगणवाडीताई, आशाताई यांच्या नजरेस अशी मुले-माणसे आधी पडतात. आमची विनंती आहे, की पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर किंवा महिला मंडळाच्या बैठकीत ही पाच लक्षणे कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावीत. ज्या घराला ती लागू पडतील, त्या घरच्यांना सगळ्यांसमोर बोलायला लावू नये. बैठकीनंतर बाजूला बसवून हे पान त्यांच्या हाती द्यावे, आणि दवाखान्यात जाताना सोबतीला कुणीतरी जावे.